विश्रामबागवाड्याच्या दारातून

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मला वाटलं होतं की डब्यातल्या पोळीभाजीवर किंवा पीटीच्या तासावर लिहायला सांगतील. पण "आठवणी भरपूर आल्यात, तू जरा शाळेच्या आसपासचा इतिहास लिही" असा हुकूम सुटला. मी इंजिनिअरिंगला गेले, पुढे बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरात संपला असं सगळ्यांना वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. पण एक प्रश्न आठवीपासून माझ्या डोक्यात राहिला आहे, आणि तो आपल्या वर्गातल्याच एकीने विचारलेला आहे. म्हणून लिहिते.

आठवीत इतिहासाच्या बाईंनी आपल्याला दोन-दोनच्या रांगेत विश्रामबागवाड्यात नेलं होतं. सहलीचे पैसे कोणाकडे मागायचे नाहीत, चालत जायचं आणि मधल्या सुट्टीच्या आत परत यायचं, असा बाईंचा बेत. त्याआधी आपण रोज तिथूनच जात होतो. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकं घ्यायला जाताना, आंतरदेशीय पत्रं आणायला पोस्टात जाताना, बाजीराव रस्त्यावरचा तो लांबलचक लाकडी दर्शनी भाग आपल्या इतका सवयीचा होता की मान वर करून सज्जा पाहावा असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी बाईंनी तो पाहायला लावला. दारावर पुढे आलेला कोरीव लाकडी सज्जा, आतले सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब, एकामागे एक चौक. बाईंनी सांगितलं की इथे एके काळी पाठशाळा होती. तेव्हा मागच्या बाकावरच्या आपल्या एका मैत्रिणीने (नाव लिहू नकोस, असं तिने मला बजावलं आहे) विचारलं, "बाई, मग आपण तेव्हा असतो तर इथे शिकायला आलो असतो का?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तर नक्की नसते आले." आणि आपल्याला घेऊन पुढच्या चौकात गेल्या.

तेव्हा आपण हसलो होतो. त्या उत्तरात काय होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. तो १७९६ साली पेशवा झाला. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नसे, म्हणून त्याने शहरात आपल्यासाठी एकामागून एक वाडे उभे केले. शुक्रवारवाडा, विश्रामबागवाडा, बुधवारवाडा हे सगळे त्याच्याच काळातले. विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. बांधकामाला सहा वर्षं लागली आणि सुमारे दोन लाख रुपये खर्च आला. नावाप्रमाणे ही विश्रांतीची जागा होती, दरबाराची नव्हे. म्हणजे या दारातून आत जाणारी माणसं मोजकीच असणार: पेशवा, त्याचं कुटुंब, बोलावलेले लोक आणि नोकरचाकर. बाकीच्या पुण्याने वाडा बाहेरूनच पाहिला.

हे सुख फार टिकलं नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेन्शन घेऊन गंगेकाठी ब्रह्मावर्ताला गेला. त्याची पत्नी वाराणसीबाई त्यानंतरही काही काळ या वाड्यात राहत होत्या. इतिहासाच्या पुस्तकात या काळावर एखादं वाक्यही नसतं. मला मात्र राहून राहून वाटतं की त्या रिकाम्या होत चाललेल्या चौकांमधून संध्याकाळी दिवे कोण लावत असेल, आणि राज्य गेल्यावर वाड्यात मागे राहिलेल्या बाईला शहर कसं दिसत असेल.

मग प्रश्न आला की एवढ्या मोठ्या घराचं करायचं काय. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. एल्फिन्स्टनला ती एकदम बंद करून शहराचा रोष ओढवून घ्यायचा नव्हता, आणि पैसा नुसता वाटून टाकायचाही नव्हता. त्यातून तोडगा निघाला: दक्षिणेतल्या पैशातून एक पाठशाळा काढायची. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या चॅप्लिनच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ती सुरू झाली. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, अलंकार असे विषय होते. शिकवणारे शास्त्री ब्राह्मण, शिकणारे विद्यार्थीही ब्राह्मण आणि अर्थातच सगळे मुलगे. मराठी गद्याला वळण लावणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले.

म्हणजे पेशव्याच्या खाजगी घराचं दार पहिल्यांदा उघडलं ते शिक्षणासाठी, पण शहरातल्या एका जातीपुरतं आणि अर्ध्या माणसांपुरतं. बाईंच्या "मी तर नक्की नसते आले" या वाक्यातला पहिला अर्थ हा. आपल्या वर्गाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा आणि त्या दारातून आत जाऊ शकणारी नावं मोजा. मी मोजली. आपल्या त्रेपन्न जणांच्या तुकडीतली नऊ नावं उरली, आणि त्यांत मी नव्हते.

पुढे पाठशाळा बदलत गेली. १८३७ नंतर तिची देखरेख थॉमस कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे हेच ते मेजर कँडी. मराठी लिहिताना स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम कुठे द्यायचा हे सांगणारी त्यांची पुस्तिका १८५० साली निघाली. निबंधात विरामचिन्हं चुकली म्हणून ज्यांचे ज्यांचे गुण कापले गेले, त्यांनी आपला राग कोणावर काढायचा ते आता कळलं असेल. १८५१ साली संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, आणि प्रवेशाचा जुना जातीचा नियम मागे पडला. नियम मागे पडला म्हणजे सगळे आत आले असं होत नाही, हे आपल्याला कळतं. पण दाराला फट पडली. या कॉलेजचे एक प्रिन्सिपॉल एडविन आर्नोल्ड होते. पुढे विलायतेला परतल्यावर त्यांनी बुद्धाच्या चरित्रावर 'द लाइट ऑफ एशिया' हे काव्य लिहिलं. १८६४ साली कॉलेजचं नाव डेक्कन कॉलेज झालं आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच्या आधीची, पूना कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांतली आहे.

विश्रामबागवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात, १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. एका पेठेतल्या पेशव्याच्या वाड्यात सरकारी पैशाने चाललेली पाठशाळा आणि शेजारच्या पेठेत भिड्यांच्या वाड्यात चाललेली मुलींची शाळा. दोन्ही घरंच. दोन्हींमध्ये तेव्हा कोणी म्हणालं असतं की एक दिवस या दुसऱ्या शाळेतली माणसं पहिल्या वाड्यात मानाने येतील, तर लोक हसले असते. पण १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मोठी सभा भरली आणि मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन जोतिरावांचा सत्कार झाला. पेशव्याच्या विश्रांतीच्या वाड्यात, माळी समाजातल्या एका पंचवीस वर्षांच्या माणसाचा सत्कार, आणि तोही मुलींना शिकवल्याबद्दल. पुढे १८५३ च्या फेब्रुवारीत फुल्यांच्या शाळांमधल्या मुलींची जाहीर परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली. ती पाहायला माणसांची रीघ लागली होती.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते, आणि पहिल्यांदा बाईंची आठवण आली. बाई, तुमचं उत्तर बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. १८२१ च्या पाठशाळेत तुम्ही आणि मी नसतो. पण बत्तीस वर्षांनी त्याच कॉलेजच्या आवारात मुली उभ्या राहिल्या, आणि प्रश्नांची उत्तरं दिली. विद्यार्थिनी म्हणून नाव घालायला नसतील आल्या, पण परीक्षा द्यायला आल्या. आपल्यासारख्यांना तेवढं पुरेसं आहे. आपण काय, परीक्षा द्यायलाच जन्माला आलो होतो.

कॉलेज गेल्यावर वाडा सरकारी हायस्कूलकडे राहिला. मे १८७९ मध्ये एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्हींना आग लागली. त्या दिवसांत वासुदेव बळवंत फडके यांचं बंड चालू होतं, त्यामुळे साहजिकच संशय त्यांच्यावर गेला. प्रत्यक्षात आग लावल्याबद्दल पुढे शिक्षा झाली ती एका सरकारी नोकराला. बुधवारवाडा पार जळून गेला. विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग गेला. पण इथे एक फरक झाला. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग मात्र पुन्हा बांधला गेला.

पेशव्यांच्या वाड्यांचा हिशेब मांडून पाहिला तर हे जास्त उठून दिसतं. शुक्रवारवाडा १८२० साली जळाला. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती. बुधवारवाडा १८७९ ला संपला. यांतला उभा राहिला तो एकटा विश्रामबागवाडा. तो सर्वांत देखणा होता म्हणून टिकला असं मला वाटत नाही. त्याच्यात शाळा भरत होती, मुलं उद्या सकाळी कुठे बसणार हा प्रश्न होता, म्हणून कोणाला तरी तो पुन्हा बांधावा लागला. आमच्या धंद्यातही जुनी प्रणाली टिकते ती तिच्यावर कोणाचं प्रेम असतं म्हणून नव्हे, तर सोमवारी सकाळी कोणाचं तरी काम तिच्यावाचून अडणार असतं म्हणून.

विसाव्या शतकात वाडा पुणे नगरपालिकेकडे आला आणि तिची कचेरी तिथे थाटली गेली. १९५० साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हाही शहराचा कारभार याच चौकांमधून चालत होता. पुढे शिवाजीनगरला नदीकाठी नवी इमारत झाल्यावर मुख्य कचेरी तिकडे गेली.

या काळाचा एक साक्षीदार आमच्या घरात होता. माझी आजी. चौथीपर्यंत शिकलेली. शनिवार पेठेत आमचा दोन चौकांचा छोटा जुना वाडा होता. आजोबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी घरपट्टी भरायला आजीला स्वतः जावं लागलं. बायकांनी कचेरीत जायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. नऊवारी नेसून, शेजारच्या काकूंना सोबत घेऊन ती विश्रामबागवाड्यात गेली, रांगेत उभी राहिली, पैसे भरले आणि सही करून पावती घेतली. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला होता म्हणे; हिने तो बाजूला सारून टाक मागितला. ही गोष्ट ती आम्हा नातवंडांना दर दिवाळीला सांगायची, आणि दर वेळी "पेशव्यांच्या वाड्यात सही करून आले" असं म्हणायची. ती पावती तिच्या पोथीत शेवटपर्यंत होती.

पेशव्याचा सज्जा, शास्त्र्यांची पाठशाळा, कँडींचं कॉलेज, हायस्कूल आणि मग घरपट्टीची खिडकी. कोणी म्हणेल, काय अवनती ही! मला ती चढण वाटते. घरपट्टीच्या रांगेत उभं राहायला जात लागत नव्हती, संस्कृत लागत नव्हतं, पुरुष असावं लागत नव्हतं. वाड्याचा उपयोग जसजसा साधा होत गेला तसतसं दार रुंद होत गेलं. आपण शाळेत होतो तेव्हा तर तिथल्या पोस्टात कोणीही जावं, तिकीट घ्यावं, डिंकाच्या डबीत बोट बुडवावं. आपल्यापैकी निम्म्यांनी अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म तिथूनच रजिस्टरने पाठवले असतील.

अर्थात या प्रत्येक वापराने वाड्याचं काही ना काही बिघडवलंही. कोरीव लाकडावर रंगाचे थर चढले, चौकात कपाटं आली, दालनांचे तुकडे पाडले गेले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महापालिकेने वाड्याच्या दुरुस्तीचं काम टप्प्याटप्प्याने हाती घेतलं, आणि 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन तिथे मांडलं. ते चांगलंच झालं. पण आठवीत आपण पाहिलेला तो थोडा मळकट, गजबजलेला वाडा मला अजूनही जवळचा वाटतो.

आता एक कबुली. आमचा शनिवार पेठेतला वाडा १९९८ साली पाडला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्या इमारतीत प्रत्येकाला स्वतंत्र संडास-बाथरूम मिळणार, याचा मला झालेला आनंद मी लपवला नव्हता. आईने चौकातल्या नळावर तीस वर्षं रांग लावली होती; तिला वाडा जप म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता, आजही नाही. फक्त पाडण्याच्या आदल्या दिवशी आजी उंबऱ्यावर बसून राहिली आणि कोणी उठवलं तरी उठेना, ते आठवलं की घशात काहीतरी अडकतं. ज्या दिवशी आमचा वाडा आम्हाला नुसता सोसावा लागू लागला, त्या दिवशीच तो गेला होता. पुढे फक्त सह्या झाल्या.

आणि भिडेवाडा. मुलींची शाळा जिथे सुरू झाली ते घर खरं तर सर्वांत आधी जपायला हवं होतं. दगडूशेठ गणपतीसमोर ते दुकानांच्या पाट्यांमागे वर्षानुवर्षं खंगत राहिलं, स्मारकाचा वाद कोर्टात चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ते पाडलं गेलं. स्मारक होईल, ते व्हायलाच हवं. पण त्या जिन्यावरून पुन्हा कोणी मुलगी शाळेत जाणार नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण आपल्या शाळेची मागची जुनी कौलारू इमारत. तिचं काय करावं यावर आपल्या ग्रुपवर गेल्या दोन महिन्यांत शेकड्याने मेसेज झाले आहेत. कोणी म्हणतं पाडा, नवी प्रयोगशाळा बांधा. कोणी म्हणतं आहे तशी जपा, आत आपले फोटो लावा. स्नेहमेळाव्याच्या वर्गणीतून उरणारे पैसे तिकडे द्यायचे की नाही यावर दोन जणांचं तर बोलणं बंद झालं आहे, ते कोण हे मी लिहीत नाही. माझं मत एवढंच की त्या चार खोल्या संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडाव्यात, आणि फक्त आपल्या शाळेच्या मुलांना नव्हे, आसपासच्या पेठांतल्या ज्या कोणा मुलामुलीला घरी बसायला जागा नाही त्या प्रत्येकाला. फोटो लावले तर ते आपल्यापुरते राहतील. दिवे लागले, पंखे फिरले, कोणीतरी रोज झाडू मारला, तर कौलं फुटल्यावर ती बदलायला माणूस आपोआप मिळेल.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊ वाजता, मी विश्रामबागवाड्याच्या दारात उभी असेन. ज्यांना यायचं त्यांनी यावं, चहा माझ्याकडून. इतिहासाच्या बाईंना मी फोन केला होता. गुडघे दुखतात, पण रिक्षाने येते म्हणाल्या. मागच्या बाकावरची मैत्रीणही येणार आहे. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीस वर्षं उशीर झाला आहे, तेव्हा या वेळी रांगेत ती पुढे.